वाचकांचे प्रश्न : कंसांत कंस, अटींत अटी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. क्वेरीच्या व्हेअर भागात (कोणत्या ओळी निवडायच्या ते सांगणाऱ्या भागात) एकमेकींत गुंतलेल्या अटी असल्या की डेटाबेस इंजिन त्यांचे काय करते आणि आपण त्याला कितपत मदत करू शकतो, हा तो विषय. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून केवळ याच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या अहवालाच्या क्वेरीत अँड आणि ऑर यांचे पाच-सहा थर आहेत. कंस कमी केले तर क्वेरी वेगाने चालेल, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?

उत्तर : नुसते कंस कमी करून काहीच फरक पडत नाही. क्वेरी वाचली जाताच कंस संपतात आणि उरते ते अटींचे झाड. त्याच्या पानांवर 'रक्कम पाचशेपेक्षा जास्त' यांसारख्या साध्या तुलना असतात आणि वरच्या नोडवर अँड, ऑर, नॉट असतात. पोस्टग्रेससारखे इंजिन हे झाड हाती घेतल्यावर आधी त्याची साफसफाई करते. अँडच्या पोटात दुसरा अँड असेल तर दोघांना एकत्र करून सपाट यादी केली जाते. नॉट खाली ढकलत थेट तुलनेपर्यंत नेला जातो, त्यामुळे 'लहान नाही' या अटीची 'मोठे किंवा समान' अशी अट होते. ज्यांची किंमत आधीच ठरलेली आहे अशा स्थिर राशी तिथल्या तिथे सोडवल्या जातात. मायएसक्यूएलही अनावश्यक कंस काढणे आणि स्थिर अटी वगळणे ही कामे स्वतःच करते. ही साफसफाई क्वेरीमागे एकदाच होते, प्रत्येक ओळीमागे होत नाही. म्हणून तिचा खर्च सहसा जाणवत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. एखादी महत्त्वाची अट झाडात इतकी खोल गाडली गेली आहे का, की इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) किंवा जोडणी (दोन तक्त्यांच्या ओळी जुळवण्याची रीत) निवडताना ती इंजिनाच्या उपयोगालाच येत नाही? माझ्या मते गुंतागुंतीच्या अटींबाबत सर्वांत जास्त लाभ किंवा सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. प्रत्येक ओळीवर दोन तुलना वाचवल्या तर थोडा वेळ वाचतो, पण एक अट वर आणली तर कोट्यवधी ओळी मुळातच वाचाव्या लागत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण टीपीसी-एच या प्रसिद्ध चाचणीसंचातील एकोणिसावी क्वेरी हे आहे. तिच्या व्हेअर भागात ऑरने जोडलेल्या तीन मोठ्या फांद्या आहेत. प्रत्येक फांदीत वस्तूचा ब्रँड, वेष्टन, आकार आणि मागणीतील नग यांच्या वेगवेगळ्या अटी आहेत, परंतु 'दोन्ही तक्त्यांतील वस्तू-क्रमांक सारखा असावा' ही जोडणीची अट मात्र तिन्ही फांद्यांत पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे. अटी लिहिल्या तशाच घेतल्या तर सर्वांत वर ऑर आहे आणि जोडणीची अट कुठेच मोकळी नाही. मग इंजिनाला दोन्ही तक्त्यांतील प्रत्येक ओळ दुसऱ्या तक्त्यातील प्रत्येक ओळीशी लावून पाहावी लागेल. या चाचणीच्या मूळ आकारमानात वस्तूंच्या तक्त्यात २ लाख ओळी आणि मागण्यांतील नगांच्या तक्त्यात (लाइनआयटम) सुमारे ६० लाख ओळी असतात, म्हणजे जोड्या होतात सुमारे १.२ लाख कोटी. याउलट इंजिनाने '(क आणि ख) किंवा (क आणि ग)' याचे 'क आणि (ख किंवा ग)' असे रूपांतर केले, तर वस्तू-क्रमांकाची अट बाहेर येते, साधे हॅश जॉइन (एका तक्त्याची हॅश-सूची करून दुसऱ्याच्या ओळी तिच्यात शोधणे) शक्य होते आणि उरलेली ऑरची अट केवळ जुळलेल्या जोड्यांवर तपासली जाते.

पोस्टग्रेस हा सामाईक घटक स्वतः बाहेर काढते आणि त्यापुढे आणखी एक पाऊल टाकते. उरलेल्या ऑरच्या प्रत्येक फांदीत वस्तूंच्या तक्त्यावर काही ना काही अट आहे, म्हणून त्या अटींचा ऑर करून एक नवी, अधिकची अट त्या तक्त्यावर जोडणीपूर्वीच लावता येते. मूळ अट नंतर तपासायचीच असते, त्यामुळे अर्थ बदलत नाही, पण जोडणीत शिरणाऱ्या ओळी कमी होतात. एकच गाळणी दोन ठिकाणी लागल्यामुळे निकालातील ओळींचा अंदाज चुकून फार कमी येऊ नये, म्हणून पोस्टग्रेस जोड-अटीच्या अंदाजात तशी दुरुस्तीही करून ठेवते.

आपल्या अहवालात काय घडत आहे ते पाहण्यासाठी 'एक्सप्लेन ॲनालाइझ' ही क्वेरी कशी चालली ते पायरीपायरीने दाखवणारी आज्ञा चालवावी. महत्त्वाची अट 'इंडेक्स कंडिशन' किंवा 'हॅश कंडिशन' म्हणून दिसते की नुसत्या 'फिल्टर'खाली पडून आहे, आणि त्या फिल्टरने किती ओळी टाकून दिल्या, या दोन गोष्टी आधी वाचाव्यात. सामाईक अट फिल्टरमध्येच अडकलेली दिसली, तर ती आपल्या हाताने बाहेर काढून लिहावी.

प्रश्न : मग इंजिन प्रत्येक अट एकाच प्रमाणित रूपात, म्हणजे 'ऑरच्या गटांचा अँड' अशा रूपात का बदलून घेत नाही?

उत्तर : कारण ते रूप फार फुगू शकते. आतून अँड असलेल्या दोन-दोन अटींच्या जोड्या घ्या आणि अशा वीस जोड्या ऑरने जोडा. मूळ अटी चाळीसच आहेत, परंतु त्या प्रमाणित रूपात आणताना प्रत्येक जोडीतून एक अट निवडण्याचे जितके मार्ग तितके गट तयार होतात, म्हणजे २ चा २० वा घात, १०,४८,५७६ गट. १९७९ साली आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पाचा जो ऑप्टिमायझर (क्वेरी चालवण्याचा मार्ग निवडणारा भाग) प्रसिद्ध झाला, त्यात व्हेअर भाग याच रूपात आहे असे धरून चालले होते आणि त्या काळच्या क्वेऱ्यांना ते चालूनही जात होते. आजच्या क्वेऱ्या बहुधा यंत्रानेच रचलेल्या असतात आणि त्यांतील अटींची संख्या कुणी हाताने मर्यादेत ठेवत नाही. म्हणून इंजिने आता सामाईक घटक काढणे, सपाट करणे, एकाच रकान्यावरील समानतेच्या अटींची 'इन' यादी करणे, अशी ठरावीक आणि स्वस्त रूपांतरे करून थांबतात. मायएसक्यूएलच्या अधिकृत दस्तऐवजातही, खोल गुंतलेल्या अटींमुळे योग्य प्लॅन (क्वेरी चालवण्याची योजना) निवडला गेला नाही तर '(क आणि ख) किंवा ग' याचे '(क किंवा ग) आणि (ख किंवा ग)' असे रूपांतर आपणच करून पाहावे, अशी सूचना आहे.

प्रश्न : व्हेअरमध्ये एक केस होता : मर्यादेपेक्षा रक्कम जास्त असेल (क) तर एक अट (ख), नसेल तर दुसरी अट (ग). इंडेक्स वापरला जावा म्हणून मी तो '(क आणि ख) किंवा (क नाही आणि ग)' असा लिहिला. क्वेरी वेगवान झाली, पण काही ओळी निकालातून गायब झाल्या. तर्क तर बरोबर वाटतो!

उत्तर : शाळेत शिकलेल्या दोन मूल्यांच्या तर्कशास्त्रात आपले रूपांतर बरोबर आहे, पण एसक्यूएलचे तर्कशास्त्र तीन मूल्यांचे आहे : सत्य, असत्य आणि अज्ञात. आपल्या तक्त्यातील काही ओळींत मर्यादेचा रकाना रिकामा, म्हणजे नल असणार. तिथे 'रक्कम मर्यादेपेक्षा जास्त' या क अटीचे उत्तर अज्ञात येते. केसचा नियम असा, की अट सत्य असेल तरच पहिली फांदी घ्यायची. असत्य आणि अज्ञात हे दोन्ही एल्सकडे, म्हणजे 'नाहीतर' या फांदीकडे, जातात, म्हणून मूळ क्वेरीत अशा ओळीसाठी ग तपासली जात होती. नव्या रूपात मात्र क अज्ञात आहे, 'क नाही' हेही अज्ञातच आहे, आणि अज्ञाताला ग या सत्याची जोड दिली तरी अँडचे उत्तर अज्ञातच राहते. व्हेअर भाग सत्य नसलेली प्रत्येक ओळ वगळतो, म्हणून त्या ओळी गेल्या.

दुरुस्ती अशी की 'क नाही' च्या जागी 'क इज नॉट ट्रू' लिहावे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ही रचना चालते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती नाही, म्हणून तिथे 'किंवा मर्यादा नल आहे' असे स्पष्ट लिहावे लागते. हीच अट पुढे कधी एखाद्या नॉटच्या आत जाणार असेल, तर पहिल्या फांदीतही 'क इज ट्रू' लिहिणे आवश्यक ठरते. सर्वांत वरच्या पातळीवर अज्ञात आणि असत्य यांचा परिणाम एकच असला, तरी नॉटखाली असत्याचे सत्य होते आणि अज्ञात अज्ञातच राहते.

या प्रश्नाचा थोडा विस्तार करतो, कारण इंजिन लिहिणाऱ्यांनाही हीच सीमा पाळावी लागते. असत्य, अज्ञात आणि सत्य यांना चढत्या क्रमाने मांडले, की अँड म्हणजे दोहोंतील लहान मूल्य, ऑर म्हणजे मोठे मूल्य आणि नॉट म्हणजे क्रमाची उलटापालट. या एका व्याख्येवरून कोणते नियम टिकतात ते तपासता येते. सामाईक घटक बाहेर काढणे टिकते. 'क किंवा (क आणि ख)' म्हणजे नुसते क, हेही टिकते. नॉट आत ढकलताना अँडचा ऑर आणि ऑरचा अँड करणे टिकते. टिकत नाहीत ते दोन नियम : 'क किंवा क नाही' म्हणजे नेहमी सत्य, आणि 'क आणि क नाही' म्हणजे नेहमी असत्य. क अज्ञात असेल तर दोन्हींचे उत्तर अज्ञात येते. रकान्यावर 'नॉट नल' बंधन असेल तर इंजिन अधिक धीट होऊ शकते. म्हणून जिथे रकाना खरोखर कधीच रिकामा नसतो, तिथे ते बंधन स्कीमात (तक्त्याच्या व्याख्येत) लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

केसविषयी आणखी एक सांगायचे तर, कोड १ म्हणजे 'चालू', २ म्हणजे 'बंद' असे नाव देणारा केस व्ह्यूमध्ये (नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) लिहून पुढे त्या नावावर गाळणी लावण्याची पद्धत फार आढळते. 'केसचे उत्तर बंद' या अटीवरून 'कोड २' ही अट काढणे माणसाला सहज जमते. काही इंजिनांत, उदाहरणार्थ स्पार्कमध्ये, तुलनेतील स्थिर मूल्य केसच्या फांद्यांत ढकलण्याचा नियम आहे. पोस्टग्रेस मात्र अशा केसवरून कोडच्या इंडेक्सपर्यंत पोहोचत नाही. नाव दाखवण्यासाठी ठेवावे आणि गाळणी मूळ रकान्यावर लावावी.

प्रश्न : स्वस्त अट आधी लिहिली तर महाग अट कमी वेळा तपासली जाईल, हे गृहीत धरता येते का? शून्याने भागाकार टाळण्यासाठी 'भाजक शून्य नाही' ही अट मी नेहमी डावीकडे लिहितो.

उत्तर : यात वेग आणि सुरक्षितता असे दोन प्रश्न मिसळले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

वेगाच्या दृष्टीने, अँडमधील क्रम केवळ खर्चावर ठरवू नये. अट तपासण्याचा खर्च भागिले ती अट ज्या प्रमाणात ओळी गाळते ते प्रमाण, हा भागाकार ज्या अटीचा सर्वांत लहान ती अट आधी, हा योग्य नियम आहे. समजा एका अटीचा खर्च १ आहे आणि ती १० टक्के ओळी गाळते, तर तिचा भागाकार १०. दुसरीचा खर्च २० असून ती ९५ टक्के गाळते, तर तिचा सुमारे २१. स्वस्त अट आधी घेतली तर प्रत्येक ओळीमागे सरासरी खर्च १ अधिक २० चे ९० टक्के, म्हणजे १९ येतो. उलट क्रमाने तो २०.०५ येतो. महाग अटीचा खर्च ५ असता, तर तिचा भागाकार सुमारे ५.३ झाला असता आणि महाग असूनही तिनेच आधी यायला हवे होते. ऑरमध्ये 'किती ओळी गाळते' याऐवजी 'किती ओळी स्वीकारते' हे प्रमाण घ्यावे लागते. दोन्ही नियमांत अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरलेले आहे.

पोस्टग्रेस सर्वांत वरच्या अँडमधील अटी केवळ खर्चानुसार लावते आणि समान खर्चाच्या अटींचा क्रम आपण लिहिला तसा ठेवते. आतल्या ऑरच्या बाजूंना ही क्रमवारी लागत नाही. आपण स्वतः लिहिलेल्या फंक्शनचा खर्च त्याला माहीत नसतो. सी भाषेतील फंक्शनला १ आणि इतर भाषांतील फंक्शनला १०० हा ठोकळ आकडा ते धरते, म्हणून महाग फंक्शनला खरा अंदाज 'कॉस्ट' या गुणधर्मातून सांगावा. डकडीबी हे इंजिन दुसरा मार्ग घेते : क्वेरी चालू असतानाच अटींची अदलाबदल करून लागणारा वेळ मोजते आणि जो क्रम चांगला ठरेल तो ठेवते. चुकीच्या आकडेवारीवर विसंबण्यापेक्षा मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र डाव्या-उजव्या क्रमावर मुळीच विसंबू नये. एसक्यूएलमध्ये अँडची डावी बाजू आधी तपासली जाईल अशी हमी नाही, आणि वर सांगितलेली फेरमांडणी त्यामुळेच शक्य होते. भागाकार केसमध्ये गुंडाळावा, किंवा 'नलइफ' वापरून शून्य भाजकाचा नल करावा. केसलाही दोन अपवाद आहेत. फांदीत '१ भागिले ०' अशी पूर्णतः स्थिर राशी असेल, तर प्लॅन बनवतानाच ती सोडवली जाऊन त्रुटी येऊ शकते. फांदीत बेरीज किंवा सरासरी यांसारखे समूह-फंक्शन असेल, तर त्याची किंमत केस तपासण्याआधीच काढली जाते, म्हणून अशा वेळी ओळी आधीच व्हेअरमध्ये किंवा समूह-फंक्शनच्या फिल्टर उपवाक्यात गाळाव्या लागतात.

प्रश्न : शोध-पृष्ठावर दहा ऐच्छिक रकाने आहेत. प्रत्येकासाठी '(प्राचल नल आहे किंवा रकाना = प्राचल)' अशी अट लिहून एकच क्वेरी ठेवली आहे. ती कधी वेगवान, तर कधी अतिशय संथ चालते.

उत्तर : प्राचलाची (क्वेरी चालवताना बाहेरून दिल्या जाणाऱ्या पॅरामीटरची) किंमत ठाऊक असताना प्लॅन बनला, तर 'प्राचल नल आहे' ही बाजू स्थिर ठरते, आणि मग अख्खी अट गळून पडते किंवा नुसती समानता उरते. किंमत ठाऊक नसताना, सर्व किमतींना चालेल असा सामान्य प्लॅन बनला, तर दहाही ऑर तसेच राहतात आणि इंडेक्स हाती लागत नाही. पोस्टग्रेस तयार विधानाच्या (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा चालवल्या जाणाऱ्या क्वेरीच्या) पहिल्या पाच वेळा किंमत पाहून खास प्लॅन बनवते आणि नंतर त्यांच्या सरासरी अंदाजित खर्चाशी सामान्य प्लॅनची तुलना करते. पहिल्या पाच शोधांत बहुतेक रकाने रिकामे असले, तर खास प्लॅनही संपूर्ण तक्ता वाचणारेच निघतात, सरासरी मोठी येते, सामान्य प्लॅन स्वस्त भासतो आणि पुढे डेटाबेसच्या त्या कनेक्शनवर तोच चिकटून राहतो. आपल्याकडे दिसणाऱ्या लहरीपणाचे हे एक संभाव्य कारण आहे. पोस्टग्रेस १२ पासून 'प्लॅन कॅश मोड' ही सेटिंग खास प्लॅनची सक्ती करू शकते, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ऑप्शन रीकंपाइल' हेच काम करते. मी स्वतः तिसरा मार्ग सुचवेन : वापरकर्त्याने भरलेल्या रकान्यांच्याच अटी घालून क्वेरीचा मजकूर तयार करावा. किमती मात्र प्राचल म्हणूनच द्याव्यात, त्या मजकुरात कधीही चिकटवू नयेत.

प्रश्न : मी शिकण्यासाठी लहानसे डेटाबेस इंजिन लिहीत आहे. अटींचे झाड प्रत्येक ओळीसाठी रिकर्शनने चालवतो. गुंतलेले केस आले की ते फार संथ होते. सुधारणा कुठून सुरू करावी?

उत्तर : झाड एकदाच चालून त्याच्या सरळ रांगेतल्या सूचना करा. अँडची पहिली बाजू असत्य आली की थेट अँडच्या शेवटाकडे उडी, केसची अट सत्य नसली की पुढच्या फांदीकडे उडी, अशा रीतीने गुंता उड्यांमध्ये उतरतो आणि प्रत्येक नोडमागचे फंक्शन-कॉल जातात. पोस्टग्रेसने २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये नेमका हाच बदल केला, आणि त्या पायावर २०१८ च्या आवृत्ती ११ मध्ये एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या साहाय्याने यंत्रभाषेत रूपांतर करण्याची सोय आली. एसक्यूलाइट तर संपूर्ण क्वेरीच अशा बाइटकोडमध्ये उतरवते. तरीही तिथे झाडाच्या खोलीवर मूळ मर्यादा १००० ची आहे, आणि ऑरने जोडलेल्या हजारांहून अधिक अटींची साखळी त्या मर्यादेवर आदळते. आपणही पार्सरमध्ये सलग अँड किंवा ऑर आले की दोन-दोनच्या नोडऐवजी एकच रुंद नोड करा, आणि एकाच रकान्यावरील समानतांची 'इन' यादी करून ती हॅशमध्ये ठेवा. पोस्टग्रेस आवृत्ती १४ पासून स्थिर मूल्यांची यादी नऊ किंवा अधिक असली की हेच करते.

पुढची पायरी म्हणजे एकेक ओळीऐवजी ओळींचे गठ्ठे घेणे. डकडीबीत असा गठ्ठा २०४८ ओळींचा असतो. केसची पहिली अट संपूर्ण गठ्ठ्यावर तपासा, जिथे ती सत्य आली त्या ओळींचे क्रमांक वेगळ्या यादीत काढा, पहिल्या फांदीची किंमत फक्त त्यांच्यासाठी काढा, आणि दुसरी अट केवळ उरलेल्या ओळींवर चालवा. फांद्या अगदी स्वस्त असतील, उदाहरणार्थ नुसती बेरीज, तर सर्व ओळींसाठी दोन्ही फांद्या काढून शेवटी मास्कने (प्रत्येक ओळीसाठी हो-नाही सांगणाऱ्या यादीने) निवड करणे अधिक वेगवान ठरते, कारण प्रोसेसरचा उडीविषयीचा अंदाज चुकला की दरवेळी सुमारे दहा-वीस आवर्तने वाया जातात. पण त्रुटी देऊ शकणारी फांदी, म्हणजे भागाकार किंवा प्रकार-बदल असलेली, कधीही अशी आगाऊ चालवू नका. प्रत्येक नोडवर 'यातून त्रुटी येऊ शकते का' असा एक ध्वज ठेवलात, तर हा निर्णय सोपा होतो.

आणि प्रत्येक नवा रूपांतर-नियम घालताना त्याची चाचणी लगेच लिहा. नियमात सहा मूळ अटी असतील, तर प्रत्येकीला सत्य, असत्य, अज्ञात अशी तीन मूल्ये देऊन ३ चा ६ वा घात, म्हणजे ७२९ जुळण्या होतात. त्या सर्व चालवून रूपांतरापूर्वीचे आणि नंतरचे उत्तर ताडून पाहायला क्षणही लागत नाही. संपूर्ण इंजिनासाठी मॅन्युएल रिगर आणि झेनडाँग सू यांनी २०२० मध्ये मांडलेली पद्धत वापरा : कोणतीही अट घ्या आणि ती सत्य, तिचा नॉट सत्य, ती नल (अज्ञात), अशा तीन क्वेऱ्या चालवा. तिन्ही निकाल एकत्र केले की मूळ तक्त्यातील प्रत्येक ओळ नेमकी एकदा यायला हवी. एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि डकडीबी यांसारख्या वापरातल्या इंजिनांतही या साध्या पडताळणीने चुका सापडल्या आहेत. आपण यदृच्छेने गुंतलेल्या अटी निर्माण करणारा छोटा प्रोग्राम लिहून तो या पडताळणीला जोडलात, तर नल आणि नॉट यांच्या जोडीतून येणाऱ्या चुका सर्वांत आधी बाहेर येतील.